घट्ट झाकणं

वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि यासेन्काला कानातल्या यंत्रात स्वतःचाच श्वास ऐकू आला. वाक्य काही अवघड नव्हतं. खाली युरोपीय संघाच्या न्यायालयात, महापीठाच्या दालनात, सोनेरी जाळीच्या छताखाली, गडद लाल झगे घातलेल्या न्यायाधीशांची लांबलचक रांग बसली होती, आणि रांगेच्या मध्यावरच्या म्हाताऱ्या न्यायाधीशाने आपल्या संथ फ्रेंचमध्ये वकीलबाईंना एक प्रश्न विचारला होता. काचेच्या बूथमध्ये बसून तोच प्रश्न आपल्या भाषेत म्हणायचा, एवढंच यासेन्काचं काम. ती म्हणाली, "मला एवढंच सांगा, आईला मुलाची गरज आहे, की मुलाला..." आणि पुढचा शब्द जिभेवर येऊन बसला तो बसलाच. घसा धरला नव्हता, शब्द विसरला नव्हता. आईची. पाळण्यातल्या पोरालाही येणारा शब्द. समोर मायक्रोफोनचा लाल दिवा जळत होता आणि खाली ज्यांनी ज्यांनी कानाला यंत्र लावलं होतं त्यांच्या कानात आता नुसती पोकळी गेली होती. शेजारच्या खुर्चीतल्या नेवेनला, तिच्या जोडीदार दुभाष्याला, आधी वाटलं की ही आवाज बंद करायचं बटण दाबून खोकते आहे. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, स्वतःचा दिवा लावला आणि "...मुलाला आईची, आणि यातली कुठली गरज कायद्याला दिसते," असं म्हणून वाक्य पुरं करून टाकलं, चुलीवर उतू जाणारं दूध सहज उतरवावं तसं.

"जीभ गिळलीस का ग?" मधल्या सुट्टीत नेवेन म्हणाला. यंत्रातली कॉफी त्याने तिच्या हातात दिली. "मला वाटलं, गेली बाई. आता हिचं पेन्शन कोण खाणार."

"तुलाच देऊन जाईन."

"लेखी दे. या इमारतीत तोंडी काही चालत नाही." मग जरा खाली आवाजात, "घरी सगळं ठीक आहे ना? म्हातारी?"

"ठणठणीत आहे," यासेन्का म्हणाली. आणि ते म्हणताना तिला स्वतःचा राग आला, कारण हा शब्द आईचा होता. आईला केव्हाही विचारा, ताप असो, पुराचं पाणी पायरीला लागलेलं असो, उत्तर ठरलेलं. ठणठणीत आहे, मला काही नको. आता हा शब्द लेकीच्या तोंडातही मुक्कामाला आला होता.

खरं तर त्या सकाळी तिला काम असं फारसं नव्हतंच, आणि तिथेच घात झाला. खटला तिच्याच भाषेत चालला होता, त्यामुळे वकील बोलत तेव्हा बाकीच्या सगळ्या बूथमध्ये धावपळ आणि क्रोएशियन बूथ रिकामा. दुभाष्याला ऐकण्याची सवय असते ती बोलण्यासाठी. इकडून आलं, तिकडून गेलं, मध्ये काही साठत नाही. पण नुसतं ऐकत बसलं की साठायला लागतं. खटल्याला वेल्दोरी असं नाव होतं. हे नाव कुणाचंच नव्हतं. माणसांची खरी नावं जगापुढे उघडी पडू नयेत म्हणून इथे यंत्राकडून अशी बेवारस नावं काढून खटल्यांना देतात, आणि मग वर्षानुवर्षं विद्यार्थी ती घोकतात. या वेल्दोरीमागचा माणूस संघातल्या एका देशाचा नागरिक, पोटासाठी दुसऱ्या देशात समुद्रकाठी बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. आई तिसऱ्या देशात, संघाच्या वेशीबाहेर. त्याला आईला जवळ आणायचं होतं. नियम असा, की संघाचा नागरिक कामासाठी दुसऱ्या देशात गेला तर बायको नेऊ शकतो, लहान पोरं नेऊ शकतो, पण आईबाप न्यायचे तर ते त्याच्यावर अवलंबून असले पाहिजेत. परवाना नाकारणाऱ्या कचेरीच्या वकिलाने उभं राहून अगदी सभ्यपणे सांगितलं होतं, की या बाईंना निवृत्तिवेतन आहे, स्वतःचं घर आहे, तब्येत चांगली आहे, शिवाय त्या कोंबड्या पाळतात. कोंबड्या हा शब्द मग सगळ्या बूथमधून सगळ्या भाषांत गेला. यासेन्काने काचेतून पाहिलं, तर एक न्यायाधीशबाई मान खाली घालून हसू आवरत होत्या.

मग मुलाच्या बाजूच्या वकीलबाई उठल्या. सर्दीने नाक चोंदलेली तरुण बाई, हातात चुरगाळलेला रुमाल. तिने मूलभूत हक्कांची सनद काढली. सातवं कलम सांगतं की प्रत्येकाच्या कौटुंबिक जीवनाचा मान राखला जाईल, हे ती म्हणाली, आणि ते इथे सगळ्यांना पाठच असतं. पण मग ती पंचविसाव्या कलमावर आली. वृद्ध माणसांना सन्मानाने आणि स्वावलंबीपणे जगण्याचा हक्क आहे, हे ही सनद मान्य करते. "म्हणजे एका हाताने आपण म्हातारीला सांगतो, बाई, तू कुणावर अवलंबून राहू नयेस हा तुझा हक्क," वकीलबाई म्हणाली, "आणि दुसऱ्या हाताने सांगतो, अवलंबून नसशील तर मुलाकडे यायचं नाही. महोदय, ती रोज पहाटे उठून कोंबड्यांना दाणे टाकते हा तिचा गुन्हा आहे का?" यासेन्का पाण्याचा पेला हातात धरून बसली होती. दालनातली एवढी माणसं, एवढे झगे, छताची ती सोनेरी जाळी, आणि त्या सगळ्याच्या मधोमध कोंबड्यांच्या घोळक्यात उभी असलेली एक म्हातारी. तिचा चेहरा यासेन्काला माहीत नव्हता, म्हणून तिने तिला आपल्या आईचा चेहरा लावला. आणि मग न्यायाधीशाचा प्रश्न आला.

आई, म्हणजे हायरिया, बोस्नियात बिहाचला राहते, उना नदीच्या काठी. पलीकडे डोंगर चढला की संघाची हद्द लागते. लहानपणी ती हद्द नव्हतीच, नुसता डोंगर होता. वडील कॅथलिक, आई मुसलमान, आणि घरात ईद आणि नाताळ दोन्हीचे गोड पदार्थ होत, एवढाच त्याचा अर्थ होता. मग लढाई आली आणि अर्थ बदलले. शहराला वेढा पडायच्या आधी मुलांना घेऊन एक बस निघाली, आणि आईने यासेन्काला क्रोएशियात झाग्रेबला आत्याकडे धाडलं. आजी, म्हणजे वडिलांची आई, अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून सून हलेना. "तू चल ना," बसच्या पायरीवर यासेन्काने आईचा कोट धरला होता. आईने तिची बोटं एकेक करून सोडवली. दुखू नये अशी सोडवली, हे तिला आजही आठवतं. "मला काही नको ग," आई म्हणाली, जणू बस बाजारात चालली होती आणि लेक तिला काय आणू म्हणून विचारत होती. त्यानंतर वेढा उठेपर्यंत आई नाही. आत्याच्या घरी फोन वाजला की ती पळत जायची आणि फोन दुसऱ्याच कुणाचा असायचा. वाढायच्या ऐन वयात ती आईशिवाय वाढली आणि पुढे माणसं म्हणायला लागली की ही मुलगी कशी खंबीर आहे. खंबीर कसली, तिला हात धरायला कुणी नव्हतं. झाग्रेबने वडिलांकडून आलेल्या रक्तावर तिला पासपोर्ट दिला. वडील गेल्यावर आईला ती म्हणाली की तुझाही करू, तर आई म्हणाली, "मी कशाला मागत फिरू? मी इथेच होते. देश इकडून तिकडे गेले."

मग देश संघात गेला, भाषा संघाची झाली, आणि यासेन्का लक्झेंबर्गला आली. इथे तिला घर मिळालं, एक लग्न मिळालं आणि सुटलं, ट्रामचं तिकीट लागत नाही अशा शहरात राहायची सवय लागली. आणि दर शरद ऋतूत आईच्या बरण्या यायला लागल्या. बिहाचहून माणसं आणि सामान घेऊन लांबपल्ल्याची बस येते. जत्रेच्या मोठ्या मैदानाशेजारी ती शनिवारी थांबते, आणि ड्रायव्हर तिचं पोट उघडतो तेव्हा आतून अख्खा बोस्निया बाहेर पडतो, सुकं मांस, चीज, कुणाचं शिवणयंत्र. आईची पेटी दोरीने बांधलेली असते. आत भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी, आयवार, एकेक बरणी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. झाकणं अशी घट्ट की यासेन्काच्या हाताने कधी उघडली नाहीत. गरम पाण्याखाली धरायची, फडक्याने पिळायची, सुरीचं टोक घालायचं, आणि शेवटी समोरच्या पोर्तुगीज शेजाऱ्याचं दार वाजवायचं. शेजारी बरणी मांडीत धरून म्हणायचा, "तुमच्या आईशी कुणी भांडायला जाऊ नये." बरणी उघडली की फट् असा आवाज व्हायचा आणि जिन्यात धूर, लसूण आणि बिहाचचं अंगण एकदम पसरायचं. ती दारात उभी राहून वास घ्यायची. शेजाऱ्याला वाटायचं की ही आभार मानायला थांबली आहे. एकटीच्या ताटात ती पाव घ्यायची, वर आयवार, आणि खाताना तिला रडू यायचं नाही, पण खाऊन झाल्यावर बराच वेळ बरणीचं झाकण हातात राहायचं.

मागच्या वसंतात आई आली होती, तीन महिने, परदेशी पाहुण्याला राहता येतं तेवढी. त्या तीन महिन्यांत यासेन्काला जे सुख लाभलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती कामावरून यायची आणि खिडकीत दिवा असायचा. एवढंच. बिल्डिंगच्या खालून दिवा दिसला की तिचे पाय आपोआप भराभर पडत. आईने तिच्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी उलटी लावली, पडदे धुतले, पोर्तुगीज शेजारणीशी एकही भाषा न जुळता मैत्री केली. आणि मग यासेन्काने तो विषय काढला. कायम राहा. कागद मी करते. आई आधी हसली, मग नदीबद्दल बोलली, घराला कुलूप कसं लावू म्हणाली, आणि शेवटी गप्प झाली. तिचं गप्प होणं म्हणजे होकार, हे यासेन्काला माहीत होतं. दोघी नटून राहण्याच्या परवान्याच्या कचेरीत गेल्या. आईने चांगला कोट घातला, गळ्याशी चांदीचा ब्रूच लावला. खिडकीतली बाई भली होती, टेबलावर तिने एक झाड ठेवलं होतं, पानं पिवळी पडलेलं. ती फ्रेंचमध्ये बोलली, आणि साहजिकच यासेन्का मध्ये उभी राहिली. जन्मभर परक्यांचं बोलणं दुसऱ्या परक्यांना सांगितलेली, आता आईचं सांगायला.

"मादाम आपल्या मुलीच्या आधारावर राहतात का?" खिडकीतल्या बाईने विचारलं. यासेन्काने ते आईला सांगितलं.

आईची पाठ ताठ झाली. "आधार? हिचा?" ती म्हणाली. "सांग त्यांना. मी कुणाच्या आधारावर नाही. माझं घर आहे, माझी पेन्शन आहे, ही जे पाठवते ते मी मशिदीच्या छपराला दिलं. उलट हीच माझ्या आधारावर आहे. दरसाल हिची आयवार मी घालते. स्वतःच्या हाताने घट्ट झाकणं लावते, आणि हिला ती उघडायला शेजारी बोलवावा लागतो. सांग, सांग त्यांना. आणि म्हणावं, त्या झाडाला इतकं पाणी घालू नका, मुळं कुजतायत."

यासेन्काने सगळं सांगितलं. जसंच्या तसं, 'मी' म्हणून, कारण दुभाष्याने समोरच्याचं 'मी' स्वतःच्या तोंडात घ्यायचं असतं, 'त्या म्हणतात' असं म्हणायचं नसतं. मी कुणाच्या आधारावर नाही. छप्पर, झाकणं, शेजारी, झाड. दोन शब्द इकडचे तिकडे केले असते तर कुणाला कळलं असतं? आईला फ्रेंचचा गंध नाही. त्या बाईला आईच्या भाषेचा नाही. मध्ये यासेन्का एकटी, आणि तिला नेमकं माहीत होतं की कायद्याला कुठले शब्द लागतात. तिने ते शब्द शेकडो वेळा त्या सोनेरी छताखाली उच्चारले होते. पण तिच्या तोंडातून जे निघालं ते खरं निघालं. खिडकीतली बाई झाडाचं ऐकून मनापासून हसली, मग तिने पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "मग मी काय लिहू, मादाम?" हा प्रश्न मात्र यासेन्काने आईला सांगितला नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "झालं ना काम?" आणि ती हो म्हणाली. तीन महिने संपल्यावर त्याच बसने आई परत गेली. खिडकीत बसलेल्या आईने हात हलवला नाही, नुसता काचेला टेकवून ठेवला. त्यानंतर यासेन्का कामावरून येताना वर बघायची नाही. खिडकी अंधारी आहे हे न बघताच कळायचं.

सुनावणी दुपारी संपली. निकाल काही लगेच येत नाही. आधी एका महाधिवक्त्याचं, म्हणजे न्यायालयाच्याच सल्लागाराचं, मत येईल, मग बंद दाराआड चर्चा, आणि तिथे दुभाषीसुद्धा नसतो. कुणाला काय वाटलं हे जगाला कधीच कळणार नाही, सगळ्यांच्या नावाने एकच निकाल बाहेर पडेल. नेवेनने कोट चढवता चढवता विचारलं, "येतेस का? बटाट्याच्या वड्या खाऊ, बिअर पिऊ, न्यायाधीशांना शिव्या घालू." ती नको म्हणाली. ट्रामच्या थांब्यावर धुकं होतं, इथे सप्टेंबर संपता संपता पठारावर येतं तसं, आणि मागे न्यायालयाचे सोनेरी मनोरे कमरेपासून वर नाहीसे झाले होते. थांब्यावर एक माणूस उभा होता, पन्नाशीचा, अंगात नवा सूट. सूट त्याला खांद्यांत आवळत होता. हातांच्या रेषांत तेल मुरलेलं. त्याने तिला मोडक्या इंग्रजीत विचारलं की स्टेशनला हीच ट्राम जाते का, आणि तिने नकळत आपल्या भाषेत उत्तर दिलं. "हीच. शेवटपर्यंत बसून नका राहू पण, चुकाल."

"अरे, आपल्याकडच्या तुम्ही!" त्याचा चेहरा उजळला. मग तो बोलतच सुटला, दिवसभर तोंड दाबून बसलेला माणूस सुटतो तसा. ट्राममध्ये तो तिच्या समोरच बसला. तिला कळलं होतं तो कोण ते. नियमाप्रमाणे तिने उठून दुसऱ्या डब्यात जायला हवं होतं. ती उठली नाही, पण बोललीही नाही. नुसतं हं, हो, एवढंच, तेही हळू आवाजात.

"माझा खटला होता तिथे," तो म्हणाला. "म्हणजे आईचा. मोठमोठी माणसं हो. मी मागे बसलो होतो, मला कोण बोलतंय तेही धड दिसेना, सगळ्यांचे झगे सारखे. कानात ते लावलं होतं. माझ्या आईच्या कोंबड्यांवर चर्चा केली त्यांनी. तिला सांगितलं तर ती म्हणेल, अंडी तरी पाठवायची होतीस." तो हसला आणि मग हसू थांबवून बाहेर बघायला लागला. लाल पूल आला, खाली दरीतली घरं धुक्यात बुडालेली. "एक सांगू? मी निकालाची आशा सोडली होती. आमच्या वकीलबाईही म्हणाल्या होत्या, अवघड आहे. पण त्यात एक बाई न्यायाधीश होत्या. त्यांनी एक प्रश्न विचारला, आईला मुलाची गरज आहे की मुलाला, आणि थांबल्या. मध्येच. मी कानाचं यंत्र दाबून बघितलं, बिघडलं की काय. नाही, त्यांचा श्वास ऐकू येत होता. पुढचं मग दुसऱ्याच कुणीतरी पुरं केलं, एका पुरुषाने. त्या बाईंना पुढे बोलवेना. तेव्हा मला वाटलं, चला, इथे एकीला तरी कळलं. हिचीही कुठेतरी आई आहे."

यासेन्काने खिडकीकडे तोंड फिरवलं. तो प्रश्न एका म्हाताऱ्या पुरुषाने विचारला होता. तो थांबला नव्हता, त्याने मधे श्वाससुद्धा घेतला नव्हता; त्याला पुढचा प्रश्न विचारायचा होता आणि त्याने तो विचारला होता. न्यायालयाला काहीही कळलेलं नव्हतं, किंवा कदाचित कळलं होतं, पण ते या शांततेतून नव्हे. आणि हा माणूस ती शांतता उराशी धरून समुद्रकाठी परत जाणार होता, महिनोन्‌महिने इंजिनं उघडताना तिच्यावर जगणार होता. खरं सांगायला तिला मनाई होती. पण मनाई नसती तरी तिने सांगितलं असतं का, हे तिला ठरवता आलं नाही. तिच्या जन्मातली ती पहिली चूक, आणि आज कुणाला काही पोचलं असेल तर तेवढंच पोचलं होतं.

"तुमचा आवाजसुद्धा त्यांच्यासारखाच आहे," तो म्हणाला. "आपल्याकडच्या बायकांचा आवाजच असा, जरा खरखरीत. आईचं नाव ड्रागिन्या. कागदांत कुठे नाही ते, म्हणून सांगतो. कुणीतरी ऐकावं."

"ड्रागिन्या," ती म्हणाली. एवढा एकच शब्द तिने पूर्ण आवाजात उच्चारला. तो तिच्याकडे जरा टक लावून बघत राहिला. पुढच्या थांब्यावर ती उतरली.

जत्रेच्या मैदानाशेजारी, जिथे शनिवारी बस थांबते, तिथे बाकावर बसून तिने फोन लावला. मैदान रिकामं होतं. जत्रेचे पाळणे उतरवून नेले होते आणि त्यांच्या जागी डांबरावर पावसाचं पाणी साचलं होतं.

"थांब ग, हात मिरच्यांनी भरलेत, फोन टेबलावर ठेवते," आईचा आवाज आला. "हां. बोल. आज कसा काय? आज रविवार नाही."

"सहज."

"सहज म्हणे. काय झालं?"

"आई, आज मी कामात थांबले. बोलता बोलता, मध्येच."

"घसा धरला? लिंडनच्या फुलांचा काढा घे."

"नाही, घसा नाही." आणि पुढे काय सांगायचं ते तिने जुळवून ठेवलं होतं, ट्राममधून उतरल्यापासून, पण ते आलं नाही. पुन्हा तीच पोकळी. एरवी आईला फोनवरची शांतता सहन होत नाही, ती लगेच हॅलो हॅलो करून ओरडते, फोनला चापट मारते. आज ती ओरडली नाही. पलीकडून चुलीचा आवाज येत होता, मिरच्यांच्या साली तडतडत होत्या. काहीतरी टेबलावर गोल गोल फिरलं आणि फिरत फिरत आडवं पडलं. झाकण असावं.

"रेफिया येईल आता," आई म्हणाली. रेफिया म्हणजे शेजारीण.

"कशाला?"

"झाकणं लावायला."

"झाकणं तू लावतेस."

"लावत होते. मनगटात जोर राहिला नाही ग. कितीतरी हिवाळे झाले. मी भरते, ती लावते. तिचे हात पाहिलेस ना, रेड्यासारखी आहे. दूध तापवायचं भांडं उचलायलासुद्धा आता मी दोन्ही हात लावते."

यासेन्काला पोर्तुगीज शेजारी आठवला, मांडीत बरणी धरलेला. तुमच्या आईशी कुणी भांडायला जाऊ नये. "मग त्या बाईपुढे तू ते सगळं..."

"त्या बाईपुढे कशाला? ती माझी कोण लागते? तिच्यापुढे मी काहीही बोलले असते." आईचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "तू मध्ये उभी होतीस. मी म्हटलं असतं की माझ्याच्यानं आता होत नाही, तर ते तुझ्या तोंडून निघालं असतं. माझ्या पोरीच्या तोंडून मी ते कसं वदवून घेऊ?"

रिकाम्या मैदानावर एक कुत्रा पाणी चुकवत चालला होता. यासेन्काने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. तिला खूप काही म्हणायचं होतं, वर्षानुवर्षांचं, बसच्या पायरीपासूनचं, पण तिने फक्त सकाळचं वाक्य घेतलं आणि ते पुरं केलं. "मला तुझी गरज आहे, आई," ती म्हणाली.

"ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "त्यांना मात्र ते उलटं लागतं, नाही का?"

"हो. उलटं लागतं."

"मग उलटं सांगू. आता तेही खरं आहे." आणि मग, जणू विषय संपला, "त्या बाईचं झाड जगलं का ग? पाणी कमी केलं का तिने? एकदा येऊन बघितलं पाहिजे."

पलीकडे दार वाजलं. रेफियाचा मोठा आवाज आला, खुर्ची सरकली. फोन टेबलावर आहे हे आई विसरली, की विसरली नाही, कोण जाणे. यासेन्काने तो बंद केला नाही. बाकावर बसून ती ऐकत राहिली, रेफिया एकेक झाकण पिळून बसवत होती, आणि दर झाकणानंतर आई म्हणत होती, "अजून थोडं."